काकांनी पारखलेला कॅमेरा

मोबाईलवर लाल ठिपका दिसला की चित्रण चालू असतं आणि गेला की बंद असतं, ही साधी गोष्ट पन्नाशी उलटली तरी मला नेमकी उलटी माहीत होती. लाल म्हणजे थांबलेलं, हे आपल्याला सिग्नलनं शिकवलेलं. त्यामुळे हसनाबादला काकांच्या नातीचं बारसं झालं, तेव्हा काकूनं पाळण्याची दोरी हातात घेऊन सूर लावला आणि मी बटण दाबलं. मघाशी चाचपताना कधीतरी उगवलेला लाल ठिपका गेला. चला, चालू झालं, अशा समाधानात मी पाळणा संपेपर्यंत हात न हलवता उभा राहिलो. दादा घेतोय म्हणून बाकीच्यांनी आपापले मोबाईल खाली ठेवले होते. पाळणा संपल्यावर मी पुन्हा बटण दाबलं, लाल दिसलं, बंद झालं असं समजून मोबाईल हातात लोंबता धरला आणि जेवणाच्या पंगतीतून मोकळा हिंडलो.

संध्याकाळी सगळे माझ्याभोवती जमले. पाळणा नव्हताच. त्याऐवजी सतरंजी होती, पत्रावळी होत्या, एक पांढरं कुत्रं होतं आणि उरलेला सगळा वेळ माझे पाय होते. वरून कुठून तरी काकूचा आवाज येत होता, “मधू, अरे ते डबडं ठेव खाली आन् बस पानावर. वरण निवून राह्यलं. आन् पाय का फरफटतो असा, म्हातारा झाला का माझ्याआधी?” हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूला तर ठसकाच लागला. एकटे काका हसले नाहीत. त्यांनी तो सगळा प्रकार शेवटपर्यंत, मान थोडी तिरकी करून, गंभीरपणे पाहिला आणि विचारलं, “चप्पल कुठून घेतली?”

“जालन्याहून.”

“डाव्या टाचेला झिजून राह्यली. घेताना चालून पाह्यला न्हाईस.”

मोबाईलमधली जागा संपत आली होती आणि मांडवातली माझी इभ्रतही. मी सर्वांदेखत ते चित्रण पुसून टाकलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. शेती हसनाबादला, दावणीला दोन म्हशी, डोक्याला टोपी आणि तोंडात एकच मागणी : “चालवून दाखवा.” बैल उभा पाहून घेत नाहीत, चालवून पाहतात. हा बाजारातला नियम काकांनी जगातल्या यच्चयावत वस्तूंना लावला होता. घरात पंखा घ्यायचा ठरला, तर काका दुकानात पंख्याखाली खुर्ची मागून घेत आणि दुकानदाराचंच वर्तमानपत्र सावकाश वाचत बसत. आमच्या लग्नानंतर कुकर घ्यायला आम्ही जाफराबादच्या बाजारात गेलो, तर काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तीत घरची तूरडाळ होती. दुकानदारानं मागच्या खोलीतून शेगडी आणली, डाळ शिजवली, काकांनी ती बोटांनी चिरडून पाहिली, मग मला आणि दुकानदारालाही चाखायला लावली. तो कुकर आमच्या घरी अजून आहे. घराण्यात कुणीही काहीही घेतलं, तरी काकांचा हात त्यावरून फिरल्याशिवाय ते घेतल्यासारखं वाटत नसे.

माझं लग्न ठरतानाची गोष्ट माझी बायको आजही माझ्यापेक्षा रंगवून सांगते. तिच्या माहेरी बघण्याचा कार्यक्रम. पोहे झाले, नावगाव झालं, आणि आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मुलीला जरा चालून दाखव म्हणून सांगितलं. काका म्हणाले, “पोरगी आतून चहा घेऊन आली ती काय उडत आली? आमच्या पोराला चालवून पाहा. तो कवाचा मांडी घालून बसला हाय.” मग मला खरोखर उठवण्यात आलं. मी दारापर्यंत गेलो आणि परतताना उंबऱ्याजवळच्या तांब्याला पाय लावला. पाणी पसरलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “त्या हसण्यात माझा होकार होता,” असं बायको सांगते, “आणि तो काकांना होता.”

स्वतःसाठी मात्र काका कधी काही पारखत नसत. त्यांचे सदरे आहेरातले असत, घड्याळ माझ्या वडिलांनी वापरून सोडलेलं. कुणी म्हटलं की काका, तुम्हीपण एकदा चांगलं काही निवडून घ्या, तर काकूकडे बघून म्हणत, “एकदा घेतलं निवडून. मंग पुन्हा बाजारात जायची हिंमत न्हाई झाली.” काकू तिथूनच म्हणायची, “मला कुठं कुणी निवडू दिलं. न्हाईतर ह्ये अजून बाजारातच उभे असते.”

बारशानंतर काकूचा आवाज बसला. बारशात फार बोलली, फार गायली, म्हणून बसला असेल असं आम्ही सगळे म्हणालो. काकू फार बोलायचीच. तिला गप्प पाहिलेलं कुणाला आठवत नव्हतं. हळदीचं दूध झालं, काढे झाले, जालन्याचे डॉक्टर झाले, आणि त्यांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला आणि काकांना आत बोलावून शांतपणे सांगितलं, की घशात गाठ आहे, गाठीसकट आवाजाची पेटीच काढावी लागेल. बाई वाचतील. बोलणार नाहीत.

काकूला ते सांगायचं कसं, म्हणून आम्ही दोघं दवाखान्याच्या जिन्यावर नुसते उभे राहिलो. शेवटी तिनंच आमची तोंडं पाहून काढून घेतलं. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बराच वेळ बाहेर पाहून झाल्यावर खरखरत्या आवाजात म्हणाली, “मंग ह्यांच्याशी भांडायचं कसं?” काकांनी पुढच्या सीटची दांडी धरून ठेवली होती.

काकांची मुलगी वर्षा तोवर बाळाला घेऊन नाशिकला सासरी गेली होती. तिचा मला फोन आला. रडत नव्हती, पण प्रत्येक शब्द जपून टाकत होती. “दादा, आईचा आवाज ठेवा कशात तरी. माझ्या पोरीला कळायला पाहिजे आजी कशी बोलायची ते. पाळणा तर गेलाच.” शेवटच्या वाक्यात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी हसनाबादला जाऊन काकूसमोर मोबाईल धरला. लाल ठिपक्याची खात्री तीनतीनदा केली. काकू आधारकार्डाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसली. “काय बोलू मेलं?” असं तिनं नजरेनंच विचारलं. मी म्हटलं, काहीही बोल. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि मोबाईल वाजला. एक मुलगी मला अतिशय गोड आवाजात विचारत होती, की सर, तुम्हाला कर्जाची आवश्यकता आहे का. चित्रण कधीच तुटलं होतं. काकू उठून म्हशीकडे गेली.

काका ओट्यावरून बघत होते. म्हणाले, “ह्याच्यात दुसऱ्याचा फोन येतो. ठेवायची वस्तू अशी पाह्यजे मधू, की जिला दुसरं काम न्हाई. आपण कॅमेरा घेऊ. व्हिडिओचा. चांगला घ्यायचा, आन् खर्चा बिलकुल जास्त न्हाई करायचा. ऑपरेशनचं बाजूला ठेवून जे उरतंय त्यात.” चांगला आणि स्वस्त हे दोन्ही शब्द काकांनी एका श्वासात म्हटले. पुढचा सगळा घोळ त्या एका श्वासात होता.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून घरचे मला तांत्रिक मानतात. मीही तो मान राखायला जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर बसलो. तिथे कॅमेऱ्यांबद्दल बोलणारी बरीच मुलं आहेत, सगळी अत्यंत जल्दी बोलतात. त्यांच्याकडून मी मेगापिक्सेल शिकलो, झूम शिकलो, आणि शनिवारी जाऊन काकांना सगळं समजावून सांगितलं, की जितके ठिपके जास्त तितकं चित्र स्पष्ट. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ठिपके राहू दे. आवाज कुठून घेतो तो? लांबून घेतो का जवळून?”

मला माहीत नव्हतं. सगळी मुलं चित्राबद्दलच बोलत होती.

जालन्यातल्या पहिल्या दुकानदारानं तर आमच्याकडे दयेनं पाहिलं. म्हणाला, व्हिडिओ कॅमेरा आता कुणी घेतच नाही, सगळं मोबाईलवर चालतं, एक जुना पडलाय तो दाखवतो. त्यानं कपाटातून तो काढून पुसला. काका म्हणाले, “चालवून दाखवा,” आणि बाजूला होऊन काकूला पुढे केलं. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याच्यावरच ती चालवून बघायची, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून आजारी बाईला घेऊन आम्ही दुकानात आलो होतो.

दुकानदार म्हणाला, “बोला आजी काहीतरी.” परका माणूस विचारतो म्हटल्यावर काकू बोलली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग म्हशी किती, दूध किती, कुठली लात मारते आणि का मारते, तेही सांगितलं. दुकानदारानं तेच चित्र पडद्यावर लावलं. काकांनी वाकून पाहिलं, मागं सरून पाहिलं.

“हिला गोरी करून राह्यला हा,” काका म्हणाले. “मी लग्न केलं ती ही न्हाई.”

“दिसू दे की एकदा गोरी,” काकू म्हणाली. “तुमच्या बापाचं काय जातं?”

पण काकांचं मन उठलं ते उठलंच. दुकानदार कॅमेरा बंद करायला लागला तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, आत्ता काढलंय ते माझ्या पेनड्राईव्हवर घेऊ का? दुकानदाराची हरकत नव्हती. काकांची होती. त्यांनी माझा हात धरून मला पायरीवर आणलं.

“सौदा झाला का?”

“नाही. पण काका—”

“म्हैस घेताना धार काढून पाहतो आपण. सौदा न्हाई झाला तर ते दूध घरी नेतो का कुणी? मालकाचंच राह्यतं ते. माणसानं धंद्याला मांडलेली वस्तू, आपण फुकट वापरून वर घरी घेऊन जायची?” मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “आपलं घेतल्यावर आपलं काढू. आपल्या भांड्यात.”

मागं दुकानदार सांगत होता, “डिलीट करतो आजोबा.” काका म्हणाले, “करा, बराबर हाय.”

चूक असलेला माणूस वाकडा बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. काकांचं चुकत होतं की नाही, हेच मला ठरवता येईना.

दुसरं दुकान संभाजीनगरचं. तपासणीला गेलो होतो, तिथूनच थोडं पुढे, काचेचं, आत गारेगार. तिथला कॅमेरा मात्र खरा होता. पडद्यावर काकूच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसत होतं. तिचा आवाज त्या दिवशी फार ओढला होता, तरी ती बोलली. कॅमेऱ्याशी नाही, काकांशी. “असल्या दुकानात यायचं तर कॉलर धड असलेला सदरा घालावा माणसानं. खुंटीवर तीन लटकून राह्यलेत. लोक म्हणतील बायको आजारी पडली तर लगेच अवकळा आली.” आवाजही चोख उतरला. काकांनी ते दोनदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी हळूच हात फिरवून कॉलर आत दुमडली.

मग किंमत विचारली. ऐकल्यावर काकांनी बाजारात करतात तेच केलं. चेहरा कोरा केला, पाठ फिरवली आणि चालायला लागले. बैलबाजारात अशा वेळी विकणारा दहा पावलं जाऊ देतो आणि मागून हाक मारतो. आम्ही बाहेर आलो. काचेचं दार आपोआप मिटलं. काका फुटपाथवर उभे राहिले, दुकानाकडे पाठ करून, हात मागे बांधून. काकू कडेला लावलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर टेकली. मी आत बघत होतो. काउंटरवरचा मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाला हेडफोन दाखवत होता आणि आमचं चित्र पुसलं गेलं असणार, कारण पडद्यावर समुद्रातले मासे पोहत होते.

“बोलावलं का?” काकांनी न वळता विचारलं.

“नाही.”

“थांब जरा.”

आम्ही थांबलो. कुणी बोलावलं नाही. मला आत जाऊन सांगता आलं असतं, की बाबांनो, या माणसाला एक हाक मारा. तेवढंही सुचलं नाही. शेवटी काकूच म्हणाली, “चला आता. ह्यांच्याकडं हाक मारायची पद्धत न्हाई.”

तिसरा कॅमेरा भोकरदनच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. त्यानं नवा घेतला होता, जुना काढायचा होता. भाव आमच्यात बसत होता. त्याच्या स्टुडिओत मागे धबधब्याचा पडदा होता, त्यापुढे काकूला स्टुलावर बसवलं. तिनं कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे फोटो काढायच्या कामाचा एक रंगीत पाळणा टांगलेला. न सांगता ती उठली, त्याची दोरी हातात घेतली आणि बारशाचा तोच पाळणा म्हणायला लागली. आवाज फाटत होता, वरचा सूर लागत नव्हता, तिथे ती नुसती मान वर करून तो सूर दाखवायची आणि पुढे जायची. शूटिंगवाला कॅमेऱ्याला डोळा लावून स्तब्ध उभा होता. काकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

पाळणा शेवटच्या कडव्याला आला आणि कॅमेरा बंद पडला. बॅटरी संपली होती.

“बॅटरी जुनी आहे काका,” शूटिंगवाला ओशाळून म्हणाला. “नवी मागवून देतो. आठवडाभरात येईल.”

“मंग बॅटरी आल्यावर सौदा,” काका म्हणाले. “कॅमेरा चांगला हाय. पण बोलणारीला मधीच थांबवणारी वस्तू घेऊन काय करू? तिला आयुष्यात कुणी मधी थांबवलं न्हाई.”

मी विचारलं, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “काका, एवढा पाळणा घेऊन ठेवू?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की त्यांनाही तो हवा होता. टोपी त्यांच्या हातात गोल गोल फिरत होती. “शब्द दिला न आत्ता त्याला,” ते म्हणाले. “आठच दिवस हाय. बॅटरी आली की पहिला पाळणाच घेऊ. धड, पुरा.”

शूटिंगवाल्याचं दुसऱ्या दिवशी एका लग्नाचं काम होतं. त्याला कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड रिकामं लागणार होतं.

बॅटरी यायच्या आधी काकूला श्वास लागला. तातडीनं संभाजीनगरला न्यावं लागलं आणि ऑपरेशनची तारीख थेट दुसऱ्या सकाळवर आली. वॉर्डात माझा हात मोबाईलकडे गेला. काकूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि आतून फक्त वाफ उमटत होती. काका म्हणाले, “राहू दे मधू.” मी मोबाईल खिशात ठेवला. आत नेताना काकूनं मास्क बाजूला करून काकांना काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही आणि काकांनी कधी सांगितलं नाही.

काकू वाचली. गळ्याला मधोमध भोक आणि त्यावर पदर, अशी घरी आली. दवाखान्यातून तिला लिहायला पाटी दिली होती, ती तिनं म्हशीच्या गोठ्यात आंबोणाच्या टोपल्यावर झाकण म्हणून ठेवली.

आणि मग भोकरदनहून फोन आला, की बॅटरी आली. मी काकांना म्हटलं, आता कशाला. नाही म्हणून सांगतो त्याला. काका म्हणाले, “शब्द दिल्ता.” गेले, बॅटरी घालून कॅमेरा तास-दीड तास चालवून पाहिला, पैसे मोजून दिले आणि घरी आणून टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवला. घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. माझ्या पाहण्यात काकांनी घेतलेली ती पहिली निरुपयोगी वस्तू.

असं मला वाटत होतं. दिवाळीत गेलो तेव्हा काका ओट्यावर कॅमेरा घेऊन बसलेले. समोर काकू. तिचे हात चालले होते. दोन्ही हातांनी, भुवयांनी, ओठांनी, कधी पायानंसुद्धा ती काही तरी सांगत होती, आणि तिला गप्प पाहिलेलं कुणाला आठवत नाही हे पुन्हा खरं झालं होतं. काका कॅमेऱ्याला डोळा लावून मधूनमधून विचारत, “हं, चालव. काय? पाणी? पाणी न्हाई. मंग?” थोड्या वेळानं त्यांनी ते चित्र मागं नेलं आणि पुन्हा लावलं.

मला म्हणाले, “एकदा सांगून समजलं न्हाई तर तिला पुन्हा सांगावं लागतं, आन् ती चिडती. हे बरं हाय. घेऊन ठेवायचं, दोनचारदा पाह्यचं, की बराबर समजतं.” आणि खूश होऊन पुढे म्हणाले, “हे बघ, हे बोट असं वळवलं की वर्षा. दोन्ही वळवले की वर्षाची सासू. मोबाईलमध्ये ह्येवढं बारीक दिसतं का? चांगला कॅमेरा निघाला.”

काकू त्यांच्या पाठीमागून मला हातानं काहीतरी म्हणाली. मला समजलं नाही. काका न वळता म्हणाले, “माझीच टिंगल करून राह्यली असंल.” तशीच होती, हे तिच्या हसण्यावरून समजलं. हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

पुढे जवळजवळ रोजच ते काहीबाही घेत असत. एका कार्डावर मावलं नाही तेव्हा मी दुसरं नेऊन दिलं. काकांनी ते कॅमेऱ्यात घालून, चालवून पाहिल्यावरच ठेवून घेतलं.

काका गेले ते कापूस वेचणीच्या दिवसांत. दुपारी जेवून आंब्याखाली आडवे झाले आणि उठले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी काही निवडलं असतं तर कदाचित हेच निवडलं असतं, असं आलेले लोक म्हणाले. मला तसलं काही म्हणता आलं नाही. तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले, वर्षा बाळाला निजवायला आत गेली, आणि काकूनं फडताळातून टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा आणून माझ्या मांडीवर ठेवला. टीव्हीकडे बोट केलं. एवढी खूण मलाही समजली.

मी वायर जोडली. मी, माझी बायको आणि काकू, तिघं समोर बसलो. टीव्हीवर काकूचे हात दिसायला लागले, मोठे मोठे, गोंदलेले, बांगड्या मागे सारलेले. एकामागून एक तेच. गोठ्यापुढे हात, चुलीपुढे हात, ओट्यावर हात. काका कुठेच नव्हते. असणार कसे, ते कॅमेऱ्यामागं होते. पण खोलीभर त्यांचाच आवाज होता, अगदी कानाशी, कारण कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळच असायचा. “चालव. हं. कोण, मधू? मधूचं काय? पाय फरफटतो? ते तर जुनंच हाय. पुढं? बरं बरं. अगं जल्दी नको करू, मला समजत न्हाई. हां. आता पुन्हा चालव.” मधेच त्यांचं खोकणं, मधेच म्हशीला हड् करणं, आणि एका ठिकाणी बराच वेळ काहीच नाही, नुसता त्यांचा श्वास आणि समोर काकूचे दोन हात मांडीवर स्वस्थ ठेवलेले.

मी हातांकडे बघत होतो आणि खुणा ओळखायचा प्रयत्न करत होतो. एखादी तरी समजावी म्हणून. एकही धड समजेना. काकूला विचारावं म्हणून वळलो, तर काकू टीव्हीकडे बघतच नव्हती. भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. कार्ड संपलं, आवाज थांबला, तेव्हा तिनं डोळे न उघडताच एक बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं.

निघताना ऊन उतरलं होतं. काकू दारापर्यंत आली, माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्या चपलेकडे पाहिलं आणि मान हलवली. गाडी सुरू केली. बायको मागं बसली होती. हसनाबाद मागं पडलं, राजूर आलं. राजूरचा फाटा ओलांडल्यावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बारशाच्या त्या तुम्ही पुसलेल्या व्हिडिओत,” ती म्हणाली, “काकूंचा आवाज होता. तुम्हाला जेवायला बोलवत होत्या. आपण सगळे पायच बघत बसलो.”